घरी व्हिडिओ लावून व्यायाम: हलका, मधला की घाम काढणारा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर दर जानेवारीत आणि दर दिवाळीनंतर हेच प्रश्न येतात. गेल्या काही वर्षांत यातले बरेच कार्यक्रम मी टीपॉय भिंतीला सरकवून हॉलमध्ये केले; काही पुरे झाले, काही अर्ध्यावर सुटले. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाईप करायचा कंटाळा आला म्हणून ती इथे एकदाच लिहून ठेवते.

सुरुवात कुठून करू? व्हिडिओंची यादी बघूनच दमायला होतं.

यादी बाजूला ठेवा. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: आठवड्यातले किती दिवस खरोखर मोकळे आहेत, दिवसाला सलग किती मिनिटं कुणी हाक मारणार नाही, आणि गेल्या तीन महिन्यांत तुम्ही काय व्यायाम केला. तिसऱ्या उत्तरात सगळे हात सैल सोडतात. कॉलेजात खो-खो खेळायचो, हे उत्तर धरायचं नाही.

माझी स्वतःची कसोटी एकच आहे. चौथ्या आठवड्यातला बुधवार, लोकलमधून उभ्याने घरी आलेय, कुकर लावायचाय. अशा वेळी हा व्हिडिओ मी लावेन का? पहिल्या सोमवारी काय, कुठलाही व्हिडिओ लावला जातो.

हलका, मध्यम, जोरकस हे ठरवायचं कसं? व्हिडिओवर तर सगळीकडे 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं असतं.

व्हिडिओवर काय लिहिलंय ते सोडा, स्वतःचा श्वास बघा. व्यायाम करताना सलग वाक्यं बोलता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरकस. आरामात गाणं म्हणता येतंय, म्हणजे हलका. ही बोलण्याची चाचणी व्यायामशास्त्रातही वापरतात आणि तिला घड्याळ लागत नाही.

मनगटावर घड्याळ असेलच तर ढोबळ हिशेब असा: २२० मधून वय वजा करा. चाळिशीतल्या माणसाचे १८० आले. त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११५ ते १३७ ठोके हा मध्यम पट्टा, त्यावर जोरकस. हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात. त्या चालू असतील तर आकड्यापेक्षा बोलण्याची चाचणीच बरी.

यातून एक गोष्ट लक्षात येते. तोच व्हिडिओ माझ्या सासूबाईंना जोरकस असतो, मला मध्यम आणि माझ्या भाच्याला विनोदी. त्यामुळे 'मैत्रिणीला जमला' याला फारसा अर्थ नाही.

आठवड्याला एकूण किती व्हायला हवा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी केलेली शिफारस: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, किंवा दोन्हींची सरमिसळ. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. हे शेवटचं वाक्य बायका हमखास गाळतात. थोडक्यात, जोरकस व्यायामाचं एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांच्या बरोबरीचं. वेळ कमी असेल तर जोर वाढवा, सांधे कुरकुरत असतील तर वेळ वाढवा, मोबदला मिळतोच.

नावाजलेल्या कार्यक्रमांमध्ये नेमका फरक काय?

घरात कॅसेट लावून व्यायाम करायची लाट १९८२ साली हॉलिवूडची नटी जेन फोंडाच्या व्हिडिओने आणली. तेव्हापासून आजपर्यंत दुकान तेच आहे, पाट्या बदलल्या. मी अमेरिकी ट्रेनरांच्या पाच कार्यक्रमांची नावं घेते, कारण बाकीचे बरेच यांचेच चुलतभाऊ आहेत.

सगळ्यात खालच्या पायरीवर लेस्ली सॅन्सोनचे चालण्याचे व्हिडिओ. जागच्या जागी चालायचं, मग बाजूला पाऊल, पुढे हलकी लाथ, गुडघा वर. या चार हालचालींवर सगळा संसार. एक 'मैल' साधारण पंधरा मिनिटांचा. उडी नाही. हसू नका, तीन मैल सलग केलेत की पदराने कपाळ पुसावं लागतं. पावसाळ्यात जॉगिंग ट्रॅकवर शेवाळ साचतं तेव्हा आमच्याकडे अर्धी बिल्डिंग यावरच असते.

त्यावर जिलियन मायकल्सचा तीस दिवसांचा कार्यक्रम. तीन पातळ्या, प्रत्येक व्हिडिओ अर्ध्या तासाच्या आत. तीन मिनिटं ताकद, दोन मिनिटं दम लागणारी हालचाल, एक मिनिट पोट. असे तीन फेरे. छोटे डंबेल लागतात. पडद्यावर दोघी मागे उभ्या असतात, एक सोपं करून दाखवते, एक अवघड. सोपं करणारीकडे बघत राहा, तुमचा आत्मसन्मान तिथेच सुरक्षित आहे. मला विचाराल तर नवशिक्यापेक्षा 'दोन-तीन महिने चालतेय, आता पुढे काय' या माणसाला हा बरोबर बसतो.

मग शॉन टीचा २०१३ सालचा टी२५. पंचवीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, मधे थांबणं जवळपास नाहीच. पहिला टप्पा अल्फा, दुसरा बीटा, प्रत्येकी पाच आठवडे. इथेही एक बाई पूर्ण वेळ उडी न मारता सगळं करून दाखवते. मूळ वेळापत्रकात शुक्रवारी दोन व्हिडिओ आहेत. मी ते कधीच केलं नाही आणि आभाळ कोसळलं नाही. नोकरी करणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हाच सुचवते.

टोनी हॉर्टनचा पी९०एक्स २००५ सालचा. नव्वद दिवस, आठवड्याचे सहा, रोजचा तासभर, त्यातला योगाचा व्हिडिओ तर दीड तासाचा. वजनं हवीत आणि लोंबकळायला बार हवा. दम लागतो, पण खरा भर ताकदीवर. दर तीन-चार आठवड्यांनंतर एक सौम्य आठवडा ठेवलेला असतो, ही यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. आणि लोक नेमका तोच आठवडा 'वेळ वाया' म्हणून उडवतात.

सगळ्यात वर शॉन टीचाच २००९ सालचा इन्सॅनिटी. साठ दिवस, सामान शून्य. नेहमीच्या पद्धतीत थोडा वेळ जोर आणि जास्त वेळ विश्रांती असते. इथे उलट, साधारण तीन मिनिटं जीव तोडून आणि अर्धा मिनिट श्वास. त्याचा वॉर्म-अप म्हणजे इतर ठिकाणचा अख्खा व्हिडिओ. पहिल्या महिन्यात चाळीसेक मिनिटं, दुसऱ्यात तासाच्या घरात. उड्या, उड्या आणि उड्या.

मला एकदम इन्सॅनिटीच करायचंय. डिसेंबरात लग्न आहे.

त्याच्या पहिल्याच दिवशी एक चाचणी असते: आठ हालचाली, प्रत्येकी एक मिनिट, किती झाल्या ते लिहायचं. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी तीच परत. ती चाचणी एवढीच करून बघा. ती पुरी करताना पाचव्या हालचालीला तुम्ही सोफ्यावर असाल, तर कार्यक्रम तुम्हाला स्वतःहून सांगतोय की आत्ता नको.

मी असंच एका उड्यांच्या कार्यक्रमात थेट घुसले होते, एकोणचाळिसाव्या वर्षी, आधी सहा महिने काहीही न करता. आठ दिवस छान वाटलं. नवव्या दिवशी डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, मी ते 'सवय नाही म्हणून' असं समजून अजून चार दिवस रेटलं. पुढे दोन महिने भाजी घ्यायला खाली उतरतानाही कठडा धरत होते. त्यात कार्यक्रमाचा दोष नव्हता. दम हृदय-फुप्फुसांचा लवकर वाढतो, दोन-तीन आठवड्यांत जाणवतो. स्नायूंना आणि हाडांना बांधणाऱ्या कंडरा मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने तयार होतात. आपल्याला वाटतं दम आला म्हणजे आपण तयार झालो. गुडघ्याचं मत वेगळं असतं.

लग्न डिसेंबरात असेल आणि आत्ता ऑगस्ट असेल, तर सहा आठवडे टी२५ सारखं काही करा, तेही आधी उड्यांशिवाय.

चार मिनिटांत ताबाता, एवढ्यावर भागतं का?

जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये जे छापलं ते वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, सात-आठ फेरे, आणि तेही प्रयोगशाळेतल्या सायकलवर, शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या १७० टक्के जोर लावून. त्या फेऱ्या संपल्यावर माणूस पुढचा फेरा मारूच शकत नव्हता. आपण हॉलमध्ये चार मिनिटं जंपिंग जॅक (उडी मारत पाय फाकवून हात वर) मारून उठलो आणि लगेच चहा टाकला, तर ते ताबाता नव्हे. वाईट नाही, पण ते चार मिनिटांचं जंपिंग जॅक आहे. असे चार-पाच तुकडे मधे मिनिटभर थांबून जोडलेत, तर वीस-पंचवीस मिनिटांचा चांगला व्यायाम होतो.

व्हिडिओच्या खाली '५०० कॅलरी जाळा' असं लिहिलेलं असतं. खरं का?

स्वतः मांडून बघा. व्यायामाच्या जोराला मेट नावाचं माप आहे: शांत बसणं म्हणजे १. बेताचं चालणं साडेतीनच्या आसपास, जोरदार उड्या-दंड ८ च्या आसपास. मेट गुणिले वजन किलोत गुणिले तास, म्हणजे ढोबळ कॅलरी. साठ किलोची बाई अर्धा तास जागच्या जागी चालली तर १०५. अर्धा तास जिवावर उदार होऊन उड्या मारल्या तर २४०. पाचशे जाळायला तिला त्याच जोराने तासाहून जास्त वेळ लागेल. आणि खाली कोपऱ्यावरचा एक वडापाव या २४० वर सहज पाणी फिरवतो.

म्हणून वजनासाठी व्हिडिओ निवडू नका. वजन मुख्यतः ताटात ठरतं. व्हिडिओ दमासाठी, ताकदीसाठी, झोपेसाठी आणि साखरेसाठी निवडा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालचे काका तक्रार करतात.

काकांचं बरोबर आहे. सकाळी सहाला डोक्यावर कुणी बर्पी (खाली वाकून पाय मागे फेकायचे, परत आणून उडी) मारत असेल तर मीही वर येईन.

पण उडी काढली म्हणजे जोर गेला असं नसतं. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर. उडीच्या बैठकीऐवजी खाली सावकाश तीन आकडे मोजत जायचं आणि झटक्यात उठून टाचा उचलायच्या. बर्पीत मागे उडी न घेता एकेक पाय मागे. जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे कमरेपर्यंत, भरभर. ठोके मोजून बघा, पाच-दहाचाच फरक पडतो, आणि तोही हात डोक्यावर ठेवलेत की भरून निघतो. यूट्यूबवर 'आवाज न करणारा', 'अपार्टमेंटसाठी', 'उड्यांशिवाय' असे शब्द टाकून शोधलंत तर तासन्‌तासाचं साहित्य मिळतं.

उड्या मारायच्याच असतील तर अनवाणी फरशीवर नको. पातळ योगा मॅट घसरते आणि धक्का शोषत नाही. बूट घाला; घरात बूट चालत नसतील तर एक जोड फक्त घरासाठी वेगळा ठेवा, सासूबाईंना तळवे दाखवून खात्री पटवा. सतरंजीवर मात्र उड्या नकोत. ती सरकते, पाय मुरगळतो. अनुभवाचे बोल आहेत, माझ्या नवऱ्याचे.

डंबेल, बार वगैरे घ्यावंच लागतं का?

पहिले दोन महिने नाही. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, अगदी मोजून. दोन किलोपर्यंत बाटल्या पुरतात, पुढे हातात मावत नाहीत. तेव्हा खरे डंबेल घ्या. पाठीच्या पिशवीत तांदळाची पाच किलोची थैली टाकून बैठका मारता येतात. लोंबकळायच्या बारऐवजी रबरी बँड दाराच्या बिजागरीच्या बाजूला अडकवून ओढा, दार बंद आहे ना ते दोनदा बघून. स्टेपसाठी पाट वापरू नका, तो उलटतो. जिन्याची पायरी बरी.

वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात. माझ्यासाठी काही आहे की नाही?

आहे, आणि तुम्हीच ते सगळ्यात आधी सुरू करायला हवं. चालण्याचे व्हिडिओ आठवड्याला चार दिवस आणि खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीवरचे दंड, टाचा उचलणं असं ताकदीचं दोन दिवस. गुडघ्यात नुसता आवाज येतो पण दुखत नाही, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. सूज येते, गुडघा अडकतो किंवा अचानक साथ सोडतो, तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडे. व्यायाम करताना थोडं दुखून दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या सकाळी जास्त दुखतंय, तर वेळ कमी करा किंवा कमी खाली बसा. पूर्ण बंद करून बसलात की मांडीचे स्नायू झिजतात आणि सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच.

शुगर, बीपी, बाळंतपण?

इथे मी थोडक्यात लिहिते, कारण हे प्रश्न डॉक्टरांचे आहेत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते. वेळ आणि खाणं डॉक्टरांशी ठरवा, जवळ ग्लुकोज किंवा साखर ठेवा. बीपी असेल तर वजन उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झालं असेल तर, पोटाचे आणि उड्यांचे व्हिडिओ डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. शिंकताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, त्यासाठी फिजिओथेरपिस्ट असतात.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, भोवळ: व्हिडिओ तिथेच बंद करा, आणि 'ॲसिडिटी असेल' असं म्हणत बसू नका.

दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. चुकलं का काही?

नवीन व्यायामानंतर चोवीस ते बहात्तर तास स्नायू दुखणं ठरलेलंच. दुखऱ्या दिवशी हलकं चाला, लोळून राहिलात तर जास्त आखडाल. पण दुखणं भलतंच आहे, दंड किंवा मांडी सुजलीय आणि लघवी कोकासारखी गडद होतेय, तर सरळ दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांवर येतं तेव्हा असं होतं. क्वचित होतं, पण ते बहुतेक नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्यावर होतं.

सूर्यनमस्कार घालतो. व्हिडिओ कशाला?

गरज नाही, खरंच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेव्हा त्यांच्याकडे यूट्यूब नव्हतं. संथ बारा घातलेत तर हलका व्यायाम, भरभर पन्नास घातलेत तर चांगलाच दम. तालमीतले जोर-बैठका म्हणजे व्हिडिओतल्या पुशअप-स्क्वॉटचे आजोबाच. उणीव एकच: यात ओढायची हालचाल नाही. पाठीच्या वरच्या भागासाठी आठवड्यातून दोनदा बँड ओढा किंवा भरलेली पिशवी कमरेकडे उचला.

पैसे भरून घ्यावा की फुकटचा?

व्यायाम म्हणून फुकटच्यात काही कमी नाही. पैशांनी मिळतं ते वेळापत्रक: आज कुठला व्हिडिओ, हा प्रश्न उरत नाही. तुम्हाला रोज संध्याकाळी वीस मिनिटं व्हिडिओ निवडण्यातच जात असतील तर ते पैसे वसूल आहेत. नाहीतर रविवारी बसून आठवड्याचे पाच व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये टाका, झालं वेळापत्रक. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. पावडरी आणि शेक सोबत विकत असतील तर ते सोडून द्या.

वरच्या पातळीवर कधी जायचं?

तोच व्हिडिओ सलग दोन आठवडे न थांबता होतोय, शेवटची पाच मिनिटंही नीट होतायत, आणि दुसऱ्या दिवशी काही खास दुखत नाही, तेव्हा. आणि जाताना एकच गोष्ट वाढवा: दिवस, मिनिटं किंवा जोर. तिन्ही एकदम नको. वरच्या पातळीचे दोन आणि जुने तीन असा मिसळ आठवडा मला सगळ्यात चांगला लागू पडला.

गणपतीत दहा दिवस बंद पडलं. पहिल्यापासून सुरू करू का?

नाही. दहा दिवसांत फारसं काही जात नाही. जिथे सोडलं त्याच्या एक आठवडा मागून सुरू करा आणि पहिले दोन दिवस सोपं करणारीकडे बघा. महिनाभर बंद असेल तर एक पातळी खाली. तीन महिने असेल तर वरचा पहिला प्रश्न पुन्हा वाचा, आणि यावेळी खो-खोचं काढू नका.